ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना: कोण कुणासमोर उभा राहणार? सामन्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅरी, मॉरिसव्हिल, डरहॅम या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. फेब्रुवारी आला की ऑफिसात, मुलांच्या शाळेत, किराणा दुकानाच्या रांगेत एकच विषय असतो: यंदा ड्यूक की कॅरोलिना? मुलं एका रात्रीत पक्ष निवडून मोकळी होतात. आई-बाबा आणि भारतातून आलेले आजी-आजोबा मात्र टीव्हीसमोर बसून विचारतात, "हा त्याच्याच मागे का पळतोय?" हे पान त्यांच्यासाठी. बास्केटबॉल थोडाफार ठाऊक आहे, पण सामन्याआधी तज्ज्ञ जे 'मॅच-अप मॅच-अप' करत बसतात ते डोक्यावरून जातं, अशांसाठी.

या दोघांचं एवढं वैर कशावरून?

शेजार, दुसरं काय. ड्यूक विद्यापीठ डरहॅममध्ये, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ चॅपल हिलमध्ये. मध्ये जेमतेम १०-११ मैल. एक खासगी आणि महागडं, दुसरं राज्य सरकारचं आणि त्याहून खूप जुनं. एकाचा निळा गडद, दुसऱ्याचा आकाशी. पहिला सामना १९२० सालचा. दोघं एकाच लीगमध्ये, एसीसीमध्ये, असल्यामुळे दर मोसमात बहुधा दोनदा गाठ पडते. एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या. लीगच्या शेवटच्या स्पर्धेत कधी तिसऱ्यांदाही. हे 'दोनदा' लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आम्ही शाळेत, जिल्हा पातळीवर बास्केटबॉल खेळलोय. नियम तेच ना?

बरेचसे तेच, पण डावपेच बदलतील एवढा फरक आहे. आपल्याकडे १० मिनिटांचे चार क्वार्टर, इथे पुरुषांच्या कॉलेज सामन्यात २० मिनिटांचे दोन हाफ. आपल्याकडे बास्केटकडे बॉल टाकायला २४ सेकंद, इथे ३०. त्यामुळे बचाव करणाऱ्याला प्रत्येक वेळी सहा सेकंद जास्त तग धरावा लागतो, आणि शेवटच्या पाच-सहा सेकंदांतच माणसं चुकतात. पाच फाऊलला बाहेर, हे दोन्हीकडे सारखं. एका हाफमध्ये संघाचे सात फाऊल झाले की समोरच्याला 'वन अँड वन' मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा. दहाव्या फाऊलपासून सरळ दोन.

मॅच-अप म्हणजे नक्की काय? टीव्हीवर दोन-दोन फोटो शेजारी दाखवतात तेच का?

तेच, आणि माझ्या मते ते अर्धं दिशाभूल करणारं आहे. पॉइंट गार्डसमोर पॉइंट गार्ड (बॉल खेळवणारा चपळ खेळाडू), सेंटरसमोर सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), उंची, सरासरी गुण, झालं. सामना खरोखर तसा चालला असता तर कोचला पगार कशाला द्यायचा?

एक म्हणजे, कोच जागेप्रमाणे माणसं लावतोच असं नाही. समोरचा सर्वांत धोकादायक खेळाडू ज्या जागेवर असेल तिथे तो आपला सर्वांत चिवट बचावपटू पाठवतो आणि बाकीच्यांची अदलाबदल करतो. दुसरं, हल्ला करणारा संघ ती जोडी टिकूच देत नाही. तो स्क्रीन लावतो, म्हणजे आपलाच एक भिडू बचाव करणाऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा करतो. मग बचावाला क्षणात ठरवावं लागतं: अडकलेल्याने वाट काढत आपल्याच माणसामागे जायचं, की दोघांनी माणसं बदलायची? बदलली की सात फुटी सेंटर एका चपळ गार्डसमोर उघड्यावर सापडतो. हल्ला करणाऱ्याला हेच हवं असतं.

म्हणून सामन्याआधी विचारायचा प्रश्न 'कोण कुणापेक्षा भारी' हा नव्हेच. 'शेवटच्या दोन मिनिटांत समोरचा संघ आपल्यातल्या कुणाला, कुणासमोर ओढून आणेल?' हा आहे.

याचं उदाहरण द्या ना.

दोन देतो, दोन्ही या वैरातलीच, आणि एकमेकांची परतफेड वाटावी अशी.

८ फेब्रुवारी २०१२, चॅपल हिल. शेवटच्या अडीच मिनिटांत ड्यूकने दहा गुणांची पिछाडी भरून काढत आणलेली. घड्याळ संपत आलंय आणि कॅरोलिना ८४-८२ ने पुढे. बॉल ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सकडे, पहिल्या वर्षाचा पोरगा. स्क्रीन झाला, आणि त्याच्यासमोर उरला टायलर झेलर, कॅरोलिनाचा सात फुटी सेंटर. झेलर काही ढिसाळ खेळाडू नव्हता, त्या रात्री तो उत्तम खेळला होता. पण एवढ्या उंच माणसाला तीन गुणांच्या रेषेबाहेर चपळ गार्डसमोर उभं केलं की त्याला एक पाऊल मागे राहावंच लागतं, नाहीतर गार्ड बगलेतून निसटतो. रिव्हर्सने तेवढ्या एका पावलाच्या जागेत बॉल उचलला. घड्याळ शून्यावर, बॉल आत, ८५-८४.

२ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लिन्स, फायनल फोर म्हणजे उपांत्य फेरी. एनसीएए या देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या इतिहासात हे दोघे पहिल्यांदाच समोरासमोर. साधारण पंचवीस सेकंद शिल्लक, कॅरोलिना एका गुणाने पुढे. केलेब लव्हकडे बॉल. या वेळी त्याच्यावर धावून आला मार्क विल्यम्स, ड्यूकचा सात फुटी सेंटर. पुन्हा तेच: उंच माणूस रेषेजवळ, गार्डच्या हातात बॉल. लव्हने तीन गुणांचा फटका मारला, आघाडी चारची झाली आणि सामना ८१-७७ असा संपला. त्या रात्री लव्हचे २८ गुण होते, त्यातले २२ दुसऱ्या हाफमधले.

दोन्ही वेळा टीव्हीवरच्या फोटोंमध्ये ही जोडी नव्हती.

२०२२ मध्ये दोघे तीनदा भिडले. एकाच मोसमात एवढा उलटफेर कसा झाला?

मला विचाराल तर डावपेच शिकायला या तीन सामन्यांहून चांगला धडा नाही. खेळाडू तेच, कोच तेच, आणि निकाल असे:

५ फेब्रुवारी, चॅपल हिल: ड्यूक ८७, कॅरोलिना ६७.
५ मार्च, डरहॅम: कॅरोलिना ९४, ड्यूक ८१.
२ एप्रिल, न्यू ऑर्लिन्स: कॅरोलिना ८१, ड्यूक ७७.

पहिल्या सामन्यात ड्यूकने सुरुवातीलाच ३१-८ अशी आघाडी घेतली. कॅरोलिनाने सगळं लक्ष ड्यूकच्या पाओलो बँकेरोवर ठेवलं म्हणावं, तर बाहेरून एजे ग्रिफिनने २७ गुण कुटले. ड्यूककडे उंची होती, ताकद होती, पुढे एनबीएत जाणारी पोरं होती. कागदावरच्या पाचही जोड्यांत ड्यूक सरस, आणि त्या दिवशी कागद खरा ठरला.

पण ह्युबर्ट डेव्हिसचं कॅरोलिनाचा कोच म्हणून ते पहिलंच वर्ष होतं आणि त्याचा संघ अजून जमायचा होता. पुढच्या महिन्याभरात त्याने जवळजवळ पाचच माणसांवर डाव लावला: केलेब लव्ह, आरजे डेव्हिस, लीकी ब्लॅक, ब्रेडी मॅनेक, अर्मांडो बेकॉट. बाकावरून फारसं कुणी यायचंच नाही. इथली मंडळी त्यांना 'आयर्न फाइव्ह' म्हणायला लागली.

या पाचांत मॅनेक महत्त्वाचा, आणि ते आकड्यांत लवकर दिसत नाही. तो पावणेसात फुटी, दाढीवाला, ओक्लाहोमाहून आलेला. एवढा उंच माणूस बास्केटखाली उभा राहील अशी अपेक्षा. हा मात्र तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून शांतपणे नेम साधतो. त्यामुळे त्याच्यावर लावलेल्या ड्यूकच्या उंच खेळाडूला बाहेर यावंच लागतं. तो बाहेर आला की आतली गर्दी कमी, आणि तिथे बेकॉट मोकळा. ड्यूकची उंची हीच त्यांची ताकद. कॅरोलिनाने ती ताकद हरवली नाही, नुसती बास्केटपासून वीस फूट लांब नेऊन उभी केली.

मार्चमधला सामना म्हणजे ड्यूकचा कोच माइक शशेव्स्की, सगळ्या जगाचा 'कोच के', याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. जुने खेळाडू डझनांनी आलेले, सगळं घर सजलेलं. कॅरोलिनाच्या चौघांनी वीस किंवा त्याहून जास्त गुण केले: बेकॉट २३, लव्ह २२, आरजे डेव्हिस २१, मॅनेक २०. कुणा एकाला बांधून ठेवावं म्हटलं तर बाकीचे तिघे मोकळे.

तिसऱ्या वेळेपर्यंत ड्यूकनेही अभ्यास केला होता, त्यामुळे तो सामना शेवटपर्यंत झुलत राहिला. बँकेरोने २० गुण आणि १० रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले बॉल) काढले. पण पहिल्या सामन्यात २७ करणारा ग्रिफिन ६ वर थांबला. त्यामागे लीकी ब्लॅक होता, ज्याचं नाव गुणांच्या तक्त्यात शोधूनही सापडत नाही. शिवाय ड्यूकने तीन गुणांचे २२ फटके मारले आणि त्यातले पाचच आत गेले. बेकॉटने २१ रिबाउंड घेतले, तेही शेवटच्या टप्प्यात घोटा मुरगळून पुन्हा परत येऊन. कोच केची ४२ वर्षांची ड्यूकमधली कारकीर्द तिथे संपली. कॅरोलिना पुढे अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ७२-६९ ने हरली, पण चॅपल हिलमध्ये त्याचं फारसं दुःख कुणी धरल्याचं मला तरी दिसलं नाही.

फाऊलचं गणित कोच आधीच करतो का?

करतोच करतो. सेंटरला पहिल्या हाफमध्ये दोन फाऊल झाले की बहुतेक कोच त्याला उठवून बाकावर बसवतात. म्हणून समोरचा संघ पहिल्या पाच-सात मिनिटांत मुद्दाम त्याच्या अंगावर जातो. गुण नाही मिळाले तरी चालतील, फाऊल हवा. कर्णधार डावखुऱ्यासाठी ऑफस्पिनर राखून ठेवतो ना, तसे कोच सेंटरचे फाऊल शेवटासाठी राखतात.

न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यात विल्यम्स फाऊलमुळे बराच वेळ बाकावर होता. उलट बाजूला ४६.७ सेकंद बाकी असताना बेकॉटचा पाचवा फाऊल झाला आणि तो बाहेर गेला. म्हणजे ड्यूकला दुहेरी फायदा, नाही का? फाऊल विल्यम्सवर झाला होता, त्याने दोन्ही फ्री थ्रो चुकवले. त्या रात्री ड्यूकने २० फ्री थ्रोंपैकी १२ घातले. चार गुणांनी हरलेल्या संघासाठी हा हिशेब बोचणारा आहे.

आठवडाभर कोच मंडळी करतात काय?

प्रत्येक प्रतिस्पर्धी एका सहायक कोचच्या नावावर असतो. तो त्यांचे मागचे सामने बघून तुकडे कापतो: हा गार्ड उजवीकडे जातो की डावीकडे, टाइमआउटनंतर पहिली चाल कुठली, बाजूच्या रेषेवरून बॉल आत टाकताना कोण कुठे पळतो. मग सरावात बाकावरच्या पोरांचा एक 'स्काउट टीम' होतो. ही पोरं आठवडाभर प्रतिस्पर्ध्याच्या चाली खेळून दाखवतात, एखादा दिवसभर 'मी आज केलेब लव्ह' म्हणून रेषेबाहेरून फटके मारत सुटतो. यातल्या बऱ्याच जणांना सामन्यात एक मिनिटही मिळत नाही.

खेळाडूला मात्र यातलं फार थोडं सांगतात. वीस वर्षांच्या मुलाला पंधरा सूचना दिल्या तर तो मैदानावर विचार करत उभा राहतो. चांगला कोच प्रत्येकाला दोन-तीनच गोष्टी देतो: 'याला डावीकडे ढकल', 'स्क्रीनच्या वरून जा', 'फटका मारल्यासारखं केलं तरी उडी मारू नकोस'. दुसऱ्यांदा भिडताना हा भार आणखी कमी होतो, कारण समोरच्याच्या सवयी अंगावर झेललेल्या असतात. म्हणून मी पहिल्या सामन्याच्या निकालावरून दुसऱ्याचं भाकीत करायला जात नाही.

कुठले आकडे बघावेत?

सरासरी गुण सोडून द्या. जोरात पळणारा संघ जास्त गुण करतो आणि जास्त गुण देतोही. त्याऐवजी दर शंभर पझेशनमागे (बॉल एका संघाकडे राहतो ती एक पाळी) किती केले आणि किती दिले ते बघा. आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉयची यादी इथे सगळे तोंडपाठ सांगतात ती यासाठीच. त्याखाली चार गोष्टी: फटक्यांचा दर्जा, बॉल गमावणं, आपल्या चुकलेल्या फटक्यांचे रिबाउंड, आणि फ्री थ्रो. याच क्रमाने महत्त्व.

या सामन्यापुरतं बोलायचं तर रिबाउंडला मी थोडा वर ठेवतो. २०१९ च्या फेब्रुवारीत कॅरोलिनाने तीन गुणांचे वीस फटके मारून फक्त दोन घातले, तरी ड्यूकच्या घरी ८८-७२ ने जिंकली. कारण सगळा माल बास्केटखालून उचलला.

तोच तो बूट फाटलेला सामना ना? मुख्य खेळाडू गेला तर योजनेचं काय होतं?

तोच. ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला, गुडघा दुखावला आणि तो परत आलाच नाही. ड्यूक तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं. वरवर पाहता फक्त एक जोडी बदलली. प्रत्यक्षात झायनला रोखायला कॅरोलिनाने जी दोन-दोन माणसं ठरवली असतील ती मोकळी झाली, आणि कॅरोलिनाच्या ल्यूक मेने ३० गुण, १५ रिबाउंड केले.

पण उलटंही होतं. मार्च २०२५ मध्ये एसीसी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ड्यूककडे घोटा दुखावलेला कूपर फ्लॅग नव्हता. तरी त्यांनी २४ गुणांची आघाडी घेतली, मग ती जवळजवळ सगळी घालवली. शेवटच्या चार-पाच सेकंदांत कॅरोलिनाचा बरोबरी साधणारा फ्री थ्रो आत गेला आणि रद्द झाला, कारण त्यांच्याच एका भिडूने बॉल सुटायच्या आत रेषेच्या आत पाय टाकला होता. ड्यूक ७४-७१ ने जिंकलं. स्काउटिंगच्या कुठल्याही फायलीत हे पान नसतं.

कॅमेरॉनमध्ये एवढा दंगा असतो, त्याचा खरंच फरक पडतो?

कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम हे ड्यूकचं घर, १९४० चं, माणसं ९,३१४. चॅपल हिलच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये वीस हजारांहून जास्त बसतात. पण कॅमेरॉनमध्ये विद्यार्थी मैदानाला खेटून उभे, त्यातले कित्येक तिकिटासाठी आठवडेच्या आठवडे तंबूत राहिलेले. आवाजात कोचची हाक खेळाडूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पाहुणा संघ हातांच्या खुणा आधीच घोटून घेतो. तरीही पाहुणे तिथे जिंकतातच, वर दोन उदाहरणं आलीच आहेत.

झोन बचाव का खेळत नाहीत?

झोन म्हणजे माणसाऐवजी आपापली जागा राखणं. खेळतात, पण तुकड्यातुकड्याने. कॉलेजात एनबीएसारखा बचावपटूला तीन सेकंदांत बाहेर हाकणारा नियम नाही, त्यामुळे सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. तरी ड्यूकची परंपरा मॅन-टू-मॅनची, अंगाला चिकटून, पासच्या वाटा अडवत. त्यांचे खेळाडू बचावाला वाकताना दोन्ही तळहात जमिनीवर आपटतात तो आवाज त्याच शिकवणीतला. टाइमआउटनंतर एखाद-दुसऱ्या चालीसाठी झोन दिसला तर समजा, समोरच्याने आखून आणलेली चाल मोडायला तो आहे.

कमकुवत संघाने वेग कमी करावा म्हणतात. ते चालतं का?

पूर्वी तर कमालच होती. २४ फेब्रुवारी १९७९ ला कॅमेरॉनमध्ये कोच डीन स्मिथच्या कॅरोलिनाने बॉल नुसता हातात धरून ठेवला. मध्यंतराला धावफलक होता ड्यूक ७, कॅरोलिना ०. फुटबॉलचा नव्हे, बास्केटबॉलचा. दुसऱ्या हाफमध्ये दोघांनी ४०-४० केले आणि ड्यूक ४७-४० ने जिंकलं. पुढे १९८५-८६ पासून कॉलेजात ४५ सेकंदांचं घड्याळ आलं, मग ३५, आता ३०. तेव्हापासून संथपणा हे हत्यार उरलं आहे पण बोथट. त्यातही कॅरोलिनाचा स्वभाव पळण्याचा: रिबाउंड घेतला की सेंटरसकट सगळे सुसाट.

हे खेळाडू इतके दमलेले, तरी कोच बदलत का नाहीत?

टीव्हीवरच्या सामन्यात दर हाफमध्ये साधारण १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की जाहिरातींचा टाइमआउट असतो. हुशार कोच त्याच्या मिनिटभर आधी खेळाडू काढतो, म्हणजे एका मिनिटाच्या बदल्यात तीन-चार मिनिटांची विश्रांती. डीन स्मिथच्या संघात तर दमलेला खेळाडू मूठ वर करून स्वतःच खूण करायचा, आणि अशी खूण करणाऱ्याला परत कधी आत जायचं हे ठरवायची मुभा असायची. लपवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं.

खेळाडू दरवर्षी बदलतात. मग जुन्या सामन्यांचा उपयोग काय?

नावांचा नाही, साच्याचा आहे. २०२१ पासून एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झाल्यावर तर विचारूच नका. ड्यूकचं काळीज मोडणारा केलेब लव्ह २०२३ मध्ये ॲरिझोनाला गेला, आणि त्याच नोव्हेंबरात ॲरिझोनाच्या जर्सीत कॅमेरॉनमध्ये ७८-७३ ने जिंकून परतला. मार्च २०२४ मध्ये नोत्र दामहून आलेल्या कॉरमॅक रायनने कॅमेरॉनमध्येच कॅरोलिनासाठी ३१ गुण केले, ८४-७९. म्हणून यादीत दुसऱ्या कॉलेजातून आलेला, वयाने मोठा, बाहेरून नेम असलेला खेळाडू दिसला की त्याच्यासमोर कोण लागतोय ते आधी बघा. मॅनेक त्याच जातकुळीतला.

भारतातून बघायचं तर किती वाजता उठावं?

हिवाळ्यात इथल्या आणि भारतातल्या वेळेत साडेदहा तासांचा फरक असतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाचा सामना म्हणजे पुण्या-नागपुरात रविवारी पहाटे पाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेनऊ तासांचा. दोघांचा मार्चमधला लीग सामना बहुधा त्याच्या आदल्याच दिवशी असतो, त्यामुळे तेव्हाही जुनाच हिशेब धरा. सामना दोन-सव्वादोन तास चालतो. शेवटची दोन मिनिटं मात्र फाऊल आणि टाइमआउट धरून पंधरा-वीस मिनिटं सहज खातात, तेव्हा चहा त्याच्या आधी टाकून घ्या.